डावीकडे दोन बोटं

अकोला, ८ सप्टेंबर

अंकुर,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, शेवटी लिहायचा राहून जातो. फोनवर तू ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवतो’ एवढंच बोलतोस. तीन शब्दांसाठी किती वेळा नंबर फिरवायचा? पत्रही तू मधेच ठेवून देशील, पण ठेवलेलं मला दिसणार नाही, म्हणून पत्र बरं. तू जिथे गाडी चालवतोस त्या सोलरच्या साइटवर टपाल पोचतं का, हे पोस्टातल्या बाईला माहीत नाही. ती म्हणाली, जैसलमेर लिहा, पिनकोड लिहा, पुढचं ते बघतील. आणि हसू नकोस, पत्रात मी ‘करते, येते’ लिहिते ती शाळेतल्या बाईंची शिस्त. तोंडात आपलं ‘करतो, येतो’च आहे.

बातमी एकच आहे. आपली जीप सापडली.

तू विकलीस तीच. हूड नाही, सीटा नाहीत, पण पुढच्या बंपरला तू कडुनिंबावर घातली होतीस तो पोचा आहे. मी पोच्यावरून ओळखली. तुझ्या बाबांनी उन्हाळ्यातच ओळखली होती. पातूरला एका पोल्ट्रीच्या शेडला पडदे लावायला गेले होते, तर शेडमागं जीप उभी, आणि कोंबड्या तिच्यात ये-जा करत होत्या. घरी येऊन मला काही सांगितलं नाही. चहा दोनदा मागितला आणि जेवताना म्हणाले, “कोंबड्याइले बरी जागा भेटली.” मला वाटलं, पोल्ट्रीचं बोलून राहिले.

मग त्यांनी अमरावतीच्या विपुलला गाठलं. विपुल तुला माहीत नसेल. बडनेरा रोडवर त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, आणि डोक्यात जुन्या मिलिटरी गाड्यांचं वेड. एक जोंगा आणि एक वनटन ट्रक त्यानं आधीच आणून ठेवले होते. गाड्या होत्या तशा पुन्हा करायच्या आणि जानेवारीत चालवत जैसलमेरच्या रेतीत न्यायच्या, असं त्याचं ठरलेलं. कशाला न्यायच्या, हे मी त्याला विचारलं. “काकू, जाऊन याचं, बस,” म्हणाला. तुझ्या बाबांकडेही याहून चांगलं उत्तर नव्हतं. त्यांनी विपुलला जीप दाखवली, त्यानं ती घेतली. बाबांची अट एकच होती, की रेतीत ती जीप आपण चालवणार. विपुल हो म्हणाला.

मग काय, रोज अमरावती. इंजिन बुधाजीकाकांनी खोललं. मिलिटरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी खोलायला इंजिन दिलं नव्हतं, त्यामुळे नवरदेवासारखे खूश. इंजिन झालं, गिअरबॉक्स झाला, ब्रेक झाले, आणि जुलैत तुझे बाबा गेले. पुढचं तुला माहीत आहे. तू तिसऱ्या दिवशी आलास, राखेजवळ उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलास. पोह्याची प्लेट होती तशीच होती.

तू जीप का विकलीस, हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. बाबा नागपूरला कमरेच्या ऑपरेशनला होते, परत आले तर अंगणात नुसता तेलाचा डाग. गाडी गेली याचं त्यांना तेवढं नव्हतं. तू म्हणालास, “बाबा, तुमी आता काय चालवसान?” ते लागलं. हा माणूस मिलिटरीत ड्रायव्हर होता, रेतीत गाडी उलटून कंबर मोडली, डावा पाय आखूड घेऊन घरी आला, आणि आल्यावर डिस्पोजलच्या लिलावातून तशीच जीप आणून सगळं आयुष्य चालवली. तूही तिच्यावरच शिकलास. पुढे ट्रॅव्हल्सच्या नव्या गाडीवर लागलास तेव्हा बसायच्या आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून, घडी करून सीटवर ठेवायचास. मालक चिडायचा, “सीट मळते काय रे तुले?” म्हणायचा. मीही तुला नवाब म्हणायचे. ते सगळं आठवतं, पण आठवून काही होत नाही.

मी कशी आहे असं सगळे विचारतात. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा असतो, जागेवर आहे पण आपला नाही, तशी आहे. जेवते, झोपते, दुकान उघडते. दुकानात माझ्यासोबत हूड-पडदे शिवणारी तानुबाई दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसते. मी कधी रडते याची वाट बघते. शेवटी मीच तिला म्हटलं, “बाई, आलं तं तुले सांगीन.”

तर आता जीपला हूड आणि सीटा करायच्या आहेत, आणि ते काम विपुलनं मलाच दिलं. बाबांच्या जागी चालवणार कोण, हे ठरलेलं नाही. मी तुला ये म्हणत नाही. जीप तुझ्या दाराशी येणार आहे, एवढं कळवते.

आई


अमरावती, ३ ऑक्टोबर

अंकुर,

तुझं उत्तर नाही. टपाल पोचलं नसेल असं मी धरून चालते, त्यात दोघांचीही सोय आहे.

विपुलच्या गोदामात खोक्यावर बसून लिहिते आहे. काल दसरा झाला. यंदा आपल्याकडे सण नाही, पण सकाळी दुकानात गेले तर मशीनच्या चाकाला कुंकू लागलेलं. तानुबाई म्हणाली, “म्या नाई लावलं.” मग मशीननं स्वतःच लावून घेतलं असणार. बुधाजीकाका काल नागपूरला दीक्षाभूमीवर होते. आज सकाळी स्टेशनवरून घरी न जाता सरळ इथे आले आणि पांढऱ्या कपड्यांसकट जीपखाली शिरले. आता कपडे कोणत्या रंगाचे आहेत ते मनकर्णावहिनी बघतील.

जीपचा रंग खरवडला. वर तुझा पांढरा, सेमाडोहला टुरिस्ट नेण्यासाठी मारलेला. त्याखाली आपला जुना निळा. त्याखाली मिलिटरीचा हिरवा. मला वाटलं संपलं. त्याखाली रेतीचा रंग निघाला. काका म्हणाले, “वहिनी, हे पयलेच तिकडं जाऊन आली हाय.” तुझे बाबा असते तर त्यांनी त्या दिवशी जेवण सोडलं असतं आणि सगळ्या अमरावतीला बोलावून दाखवलं असतं. मी हात लावून पाहिला. रंग होता, गार होता.

हूडचं माप घेतलं. तुला माहीतच आहे, नुसत्या लोखंडी दांड्यांवरून घेतलेलं माप चुकतं, आत माणूस बसवावा लागतो, नाहीतर पहिल्या खड्ड्यात डोकं कॅनव्हासला लागतं. बुधाजीकाकांना बसवलं. ते बुटके, म्हणून त्यांच्या डोक्यावर मी वीत धरली. तुझ्या बाबांची उंची मला वितीशिवाय येते.

ड्रायव्हर ठरला. म्हणजे ठरली. विपुलची बहीण प्राजक्ता. शेतीच्या कॉलेजात शिकवते, ट्रॅक्टर चालवते, ट्रकही चालवला आहे. हात स्वच्छ आहे तिचा, गिअर टाकताना दात कुठे वाजत नाहीत. मी तिच्यात खोट शोधली, सापडली नाही. मला बघून म्हणाली, “काकू, काकांची गाडी हाय, मी जपून चालवीन.” आता असं बोलणाऱ्या पोरीला काय म्हणायचं?

तीन गाड्यांना तीन ड्रायव्हर. जोंगा विपुलकडे, ट्रक बुधाजीकाकांकडे, जीप प्राजक्ताकडे. झालं.

जेवताना काका हळूच म्हणाले, “वहिनी, पोट्ट्याले लिहिलं काय?”

“लिहिलं.”

“काय म्हणते मंग?”

“तो काय म्हणते. बापावर गेला हाय.”

काका भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, “नत्थुजी सांगे, रेतीत ब्रेक माराचा नाई. पाय उचलाचा, अन् गाडीले तिच्या मनानं थांबू द्याचं. ब्रेक मारला का चाकापुढं ढीग होते, मंग निंगत नाई.” हे मीही तुझ्या बाबांकडून किती वेळा ऐकलंय. स्वयंपाकघरात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. चांदूर रेल्वेला माझ्या बापासमोरसुद्धा हेच सांगत बसले होते, त्या बिचाऱ्याकडे सायकल होती.

काकांना वाटतं, ती सीट तुझी आहे. मला काय वाटतं ते मलाच नीट कळत नाही. पण जैसलमेरच्या रेतीत ती जीप दुसऱ्या कोणी चालवली आणि तू पलीकडे कुठे साइटवर पाण्याचा टँकर फिरवत राहिलास, तर मग तुम्हा दोघांमधलं जे राहिलं ते तसंच राहील. नंतर मी किती पत्रं लिहिली तरी ते हलणार नाही. एवढं मला कळतं.

आई


अकोला, १२ नोव्हेंबर

अंकुर,

दिवाळी झाली. तू पाठवलेलं पार्सल मिळालं. शाल चांगली आहे. आत चिठ्ठी असेल म्हणून मी शाल दोनदा झटकली. नव्हती.

आज एक गंमत सांगते. लोक हिला गंमत म्हणणार नाहीत.

हूड झालं. दुहेरी शिलाई, मेणाचा दोरा, मागच्या खिडकीला पारदर्शक पट्टा, बाजूचे पडदे बटनांचे. त्यात कोणी बोट ठेवून दाखवावं. मग सीटा केल्या. जुन्या गेल्या होत्या त्या कोंबड्यांच्या खाली, म्हणून सीटखालच्या पत्र्याचं माप घेऊन नव्या. फोम नाही घातला, विपुलला जुन्यासारखंच हवं होतं, म्हणून आधी काथ्या, वर कापूस, वर कॅनव्हास. काथ्या हातानं दाबत बसवायचा असतो. डोळे लागत नाहीत त्याला. मी आणि तानुबाई बोलत होतो, बोलत होती म्हणजे तीच. सीटा झाल्या, अमरावतीला पोचवल्या.

परवा प्राजक्तानं जीप सेमाडोहपर्यंत नेऊन आणली, घाटात कशी चढते ते बघायला. मी गोदामात होते. ती उतरली तीच कंबर धरून.

“काकू, सगळा घाट मी बाहेरच्या अंगाले घसरत गेली. दार नाई, काई नाई, दांड्याले धरून बसली होती.”

विपुल म्हणाला, तुला सवय नाही. स्वतः बसून बडनेऱ्यापर्यंत गेला आणि आला. तोही कंबर धरून. मग बुधाजीकाका आले. ते बसले नाहीत. त्यांनी सीटवर हाताचा पंजा ठेवला, डावीकडून उजवीकडे नेला आणि काढून घेतला.

“वहिनी,” म्हणाले, “हे तं नत्थुजीची सीट हाय.”

डावीकडे दोन बोटं उंच. तुझ्या बाबांचा डावा पाय आखूड, कंबर त्या बाजूला खाली जायची, म्हणून त्यांच्या सीटला डाव्या अंगाला काथ्याची जास्तीची घडी असायची. काथ्या वर्षभरात दबतो. दर उन्हाळ्यात मी ती सीट उसवून घडी नवी करत होते. त्याला आम्ही कधी माप म्हटलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही, जशी भाजीत मीठ किती ते कोणी विचारत नाही. या जीपची उजवी सीट म्हटलं की हात तसाच जातो. तसाच गेला. सीट केली मी जगणाऱ्यांसाठी आणि बसवलं त्यांना.

घरी आल्यावर तानुबाईला विचारलं, “तुले दिसलं नाई काय?”

“दिसलं,” म्हणाली. “मले वाटलं, तुमाले तसंच कराचं हाय.”

त्या वेळी गोदामात विपुल उगाच पाना पुसत होता. प्राजक्ता म्हणाली, “काकू, राहू द्या, मी बसीन सवयीनं.” मला वाटलं, आता तरी आत काही होईल. इतकं झाल्यावर माणसाला काही व्हायला पाहिजे. मी वाट पाहिली. नाही झालं. मग चहा आला तो घेतला.

विपुलनं सांगितलं, सीट घेऊन जा, सरळ करून आणा, घाई नाही. त्याचंही बरोबर आहे, कंबर मोडून कोणी वाळवंट बघत नाही. मी सीट घेऊन एसटीत बसले. गर्दी होती, सीट शेजारच्या जागेवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, हिचं तिकीट काढू काय?”

मी म्हटलं, “बसलेलं दिसते काय कोणी?”

तो हसला. मीही हसले असेन.

आता ती समोर टेबलावर आहे. कडेची शिलाई उसवायची, घडी काढायची, पुन्हा शिवायचं, एका दुपारचं काम आहे. ब्लेड हातात घेतलं होतं. मग ठेवून पत्र लिहायला बसले. उद्या उसवीन.

आई


अकोला, २० डिसेंबर

अंकुर,

तू बुधाजीकाकांना मेसेज पाठवलास. काकांनी तो मला फोनवर वाचून दाखवला, मग तानुबाईला वाचून दाखवला, मग विपुलला पाठवला. ‘रेतीत जीपच्या चाकात हवा अठराच्या वर ठेवू नका. ट्रकचं वेगळं सांगतो.’ ना नमस्कार, ना कसे आहात. पण ‘सांगतो’ म्हणजे अजून एक मेसेज येणार, असा काकांनी अर्थ काढला. मिलिटरीतला माणूस, शब्दाचा पक्का अर्थ काढतो.

म्हणजे टपाल पोचतं.

पूर्णेच्या पात्रात नेली होती जीप, कोरड्या रेतीत. आधी पूर्ण हवेवर घातली तर मागची चाकं रुतली, प्राजक्तानं घाबरून ब्रेक मारला आणि ढीग झाला, अगदी तुझे बाबा सांगायचे तसा. फावड्यानं काढावी लागली. मग काकांनी अठरा हवा ठेवली. निघाली. पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेली आणि आली. काका मला म्हणाले, “पोट्ट्याले कळते.” मी म्हटलं, “शिकवणारा कोण होता?”

सीट उसवली नाही. विपुल रोज विचारतो, मी रोज “होते” म्हणते. शेवटी एक पातळ उशी केली, कडेला बंद लावले, उजव्या बाजूला बांधली की सीट सपाट होते. प्राजक्ता त्यावर बसून चिखलदऱ्याला जाऊन आली, म्हणाली मस्त. सगळ्यांची कंबर वाचली. उशी काढली की सीट होती तशी.

आणखी एक. मीही येते आहे. म्हटलं, हूड फाटलं तर वाटेत शिवायला कोणी हवं.

विपुल म्हणाला, “काकू, नवं कोरं हूड काहून फाटन?”

“तुले काय मालूम,” म्हटलं. त्यानं वाद घातला नाही. दाभण, दोरा, कॅनव्हासचे तुकडे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सगळं ट्रकमध्ये चढलं आहे. तानुबाई दुकान बघणार. जाताना देवाला नमस्कार करा म्हणते. कोणत्या देवाला ते तिनं सांगितलं नाही.

इंदूर, उदयपूर, जोधपूर असं जाणार. तेरा जानेवारीला सकाळी सम गावाच्या पलीकडे, जिथे डांबरी रस्ता सुटतो तिथे गाड्या रेतीत उतरतील. मी तुला ये म्हणत नाही. तारीख आणि जागा कळवते. लग्नाच्या पत्रिकेतही एवढंच असतं.

आई


अकोला, ३० जानेवारी

अंकुर,

पोचलो. हूड फाटलं नाही. विपुलनं ते मला तीन राज्यांत ऐकवलं.

त्या सकाळचं तुला सांगायची गरज नाही, तू होतास. पण तू पुढे बसला होतास आणि मी मागे, त्यामुळे मी पाहिलं ते तुला दिसलं नसणार. ते लिहिते.

तू साइटच्या गाडीतून उतरलास आणि लांब उभा राहिलास. वाळलास. माझ्या पायाशी वाकलास, पण डोळे जीपवर. बुधाजीकाकांशी हवेचं बोललास, चारही चाकांशी बसून स्वतः हवा मोजलीस, जणू तेवढ्यासाठीच आला होतास. बंपरवरच्या पोच्याला हात लावलास आणि पटकन काढलास. मग प्राजक्ता खाली उतरली. बंद सोडून उशी काढली, माझ्या हातात दिली आणि तुला म्हणाली, “भाऊ, तुमी पाहा जरा. मले जमून नाई राह्यलं.” सकाळपासून तिनं दोन टेकड्या चढवून उतरवल्या होत्या. चांगली पोरगी आहे, हे मी आधीच लिहिलं होतं.

तू चढलास. बसायच्या आधी खांद्यावरचा दुपट्टा काढलास, दोनदा घडी केलीस आणि सीटवर ठेवलास. डावीकडे. नेहमीसारखा, न बघता. बसलास. आणि लगेच उठलास. दुपट्ट्याखाली हात घालून पाहिलास. मग दुपट्टा उचलून परत खांद्यावर टाकलास आणि पुन्हा बसलास.

तू नवाब नव्हतास, अंकुर. पाय पुरते पोचत नव्हते तेव्हापासून तू डावीकडे दोन बोटं उंच असलेल्या सीटवर बसून शिकलास. जगातल्या सगळ्या सरळ सीटा तुला उतरत्या लागल्या, आणि आम्ही चिडवत राहिलो. तुला तरी माहीत होतं का? मला नोव्हेंबरात कळलं, ब्लेड हातात होतं तेव्हा. म्हणून उसवली नाही. ‘उद्या उसवीन’ लिहिलं ते खोटं होतं. दुपट्ट्याचं कळलं ते मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू आला नसतास, किंवा दुपट्टा साइटवर ठेवून आला असतास. तुला मी ओळखते.

तू गिअर टाकलास. मी मागे दांडी धरून बसले. पहिली टेकडी, मग दुसरी, मग ती खाली लांबलचक सपाट. तू जरा डावीकडे कललेला, मान सरळ, उजवा हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला. मागून बघताना मला फक्त वय कमी दिसत होतं, बाकी तेच. रेती बघायला आले होते मी, आयुष्यभर जिच्याबद्दल ऐकलं ती. खरं सांगते, मी रेती पाहिलीच नाही.

मग तू पाय उचललास. ब्रेक मारला नाहीस. गाडी पुढे जात राहिली, हळू झाली, आणखी हळू, आणि तिच्या मनानं थांबली.

तेव्हा मला रडू आलं. जुलैपासून आलं नव्हतं, ते सगळं आलं. तुला ऐकू गेलं असणार, कारण तू इंजिन बंद केलंस आणि मागे पाहिलं नाहीस. बरं केलंस. शेवटी तूच बोललास.

“आई, मांगचा पडदा फडफडते.”

“बटन लावाचं राह्यलं,” मी म्हटलं.

एवढंच बोललो आपण. बाबांचं नाव कोणी काढलं नाही. तू काकांना म्हणालास म्हणे, उन्हाळ्यात घरी याचं पाहतो, सुट्टी भेटली तर. काकांनी त्याचाही पक्का अर्थ काढला आहे आणि मनकर्णावहिनींना पापड जास्तीचे करायला सांगितलं आहे. मी अजून काही काढला नाही.

घरी आल्यावर तानुबाईला सांगितलं, आलं म्हणून. वचन दिलं होतं. तीच रडत बसली, मला तिला पाणी द्यावं लागलं. माझं पुन्हा पहिल्यासारखं झालं आहे, गाल आपला नसल्यासारखं. पण आता कधीतरी चिमटा काढला तर कळतो.

जीप विपुलच्या गोदामात आहे. त्याला तिन्ही गाड्या नागपूरला लोकांना दाखवायला ठेवायच्या आहेत, आणि लोक बसून फोटो काढतील म्हणून उजवी सीट सरळ करून हवी आहे. काल त्यानं सीट पाठवून दिली. टेबलावर आहे, ब्लेडही तिथेच आहे. मी विपुलला म्हटलं, “ज्याची सीट हाय त्याले विचारतो, मंग सांगतो.”

तर विचारते आहे. उसवू का? पत्र लिही असं म्हणत नाही, फोनवर सांगितलंस तरी चालेल. ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ सोडून कोणताही शब्द चालेल.

आई